चाकोरीबाहेर ६३ मिलिमीटर

माझ्या गाडीचा सगळ्यात चांगला फोटो सांगलीत आयर्विन पुलाजवळ काढलेला आहे. जूनची संध्याकाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. पांढरी जुनी होंडा सिटी जमिनीला टेकल्यासारखी बसलेली. मागचं चाक मडगार्डच्या कडेला इतकं जवळ की मधे बोट जाणार नाही. रिमची रुंद कड बाहेर आलेली, टायर तिच्यावर ताणून बसवलेला. त्या फोटोला आजवर मिळालेल्या लाइक्स माझ्या सगळ्या पुस्तक-परीक्षणांच्या लाइक्सची बेरीज केली तरी जास्त भरतील.

फोटोत नसलेली गोष्ट ही, की तो काढून झाल्यावर पंधरा मिनिटांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि मागच्या सीटवरून आई-बाबा उतरले. बाबांना कमरेचं दुखणं आहे. त्यांनी एक हात दाराच्या कडेला धरला, एक गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू स्वतःला बाहेर काढलं. मग मी रिकामी गाडी तिरकी करून स्पीडब्रेकरवरून काढली. पलीकडे ते दोघं पुन्हा बसले. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात तोवर हे नेहमीचं झालं होतं.

मी समीक्षा लिहितो, म्हणजे लिहायचा प्रयत्न करतो. पण ज्या गोष्टीकडे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ टक लावून पाहिलंय, तिच्याबद्दल एकही ओळ लिहिलेली नाही. ती गोष्ट म्हणजे जुनी, खाली बसवलेली, रुंद चाकांची गाडी. हा लेख तिच्याबद्दल आहे. गाडी कशी करावी हे यात सांगितलेलं नाही. केलेली गाडी चांगली की वाईट हे कशावरून म्हणायचं, एवढाच यातला प्रश्न आहे.

दोन आळशी समीक्षा

अशा गाड्यांबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारची मतं ऐकू येतात.

पहिलं मत एका शब्दाचं असतं. छपरी. हा शब्द वापरणाऱ्याला गाडीबद्दल काहीच म्हणायचं नसतं, चालवणाऱ्याच्या ऐपतीबद्दल आणि वस्तीबद्दल म्हणायचं असतं. शब्दात छप्पर उघडच ऐकू येतं. तोच मुलगा उद्या एखाद्या महागड्या जर्मन गाडीला तेवढीच रुंद चाकं लावेल, तर त्याला 'टेस्ट' म्हणतील. जी समीक्षा कलाकृतीकडे न बघता कर्त्याचा पत्ता विचारते, ती साहित्यातही आपण पाहिलेली आहे. तिच्याबद्दल आणखी बोलण्यात अर्थ नाही.

दुसरं मत आतल्या माणसांचं. फोटोखाली आगीच्या ज्वाळा, 'भाई कडक', 'फिटमेंट ऑन पॉइंट'. हे मत प्रेमाचं आहे, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही. पण त्याचीही अडचण पहिल्यासारखीच आहे. दोन्ही मतं थांबलेल्या गाडीबद्दल असतात. एकाला थांबलेली गाडी बघून हसू येतं, दुसऱ्याला तीच बघून भरून येतं. चालणारी गाडी दोघांनीही पाहिलेली नसते. नाटकाची जाहिरात बघून नाटकाचं परीक्षण लिहावं, तसं हे.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. गाडी खाली बसवणं आणि तिला रुंद चाकं देणं ही खरीखुरी सौंदर्यदृष्टी आहे, तिला इतिहास आहे, व्याकरण आहे. पण तिची परीक्षा वळणावर, खड्ड्यात आणि माणसं बसल्यावर होते. मी केलेली गाडी या परीक्षेत नापास झाली. कशी, ते आकड्यांत सांगतो, कारण या कलेचं व्याकरण मिलिमीटरमध्ये आहे.

व्याकरण

होंडा सिटी भारतात १९९८ साली आली आणि तिचा तो जुना अवतार २००३ पर्यंत विकला गेला. त्यातली व्हीटेक १०६ बीएचपीची. आमची व्हीटेक नव्हे, साधी १.५, २००१ची. बाबांनी ती २०११ साली एका डॉक्टरांकडून घेतली. आली तेव्हा तिच्या चाकांवर १७५/७० आर१३ मापाचे टायर होते.

हे माप वाचायचं कसं? १७५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १२२.५ मिमी. १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. दोन बाजूंच्या भिंती आणि मधला रिम यांची बेरीज केली की पूर्ण चाकाचा व्यास मिळतो, सुमारे ५७५ मिमी.

आता १९५/५० आर१५ हे माप घ्या. भिंत ९७.५, रिम ३८१, व्यास ५७६ मिमी. म्हणजे रिम दोन इंचांनी मोठा, टायर २० मिमीने रुंद, आणि तरी चाकाची एकूण उंची जवळपास तीच. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअर जड होत नाहीत. एवढ्या फरकाला एक मिलिमीटरचीच सूट. हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला वृत्तात बसलेली ओळ सापडल्यासारखं वाटलं होतं.

मी मात्र ते माप घेतलं नाही. मला आठ इंच रुंदीचे जुने अलॉय मिळाले होते आणि मी त्यांच्या प्रेमात होतो.

रिमला रुंदीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा असतो, ऑफसेट. रिमची मधली रेषा आणि रिम जिथे हबला टेकतो ती जागा, यांतलं अंतर. ऑफसेट जास्त म्हणजे चाक आत, कमी म्हणजे बाहेर. आमचे आधीचे रिम ५ इंच रुंद, ऑफसेट ४५. नवे ८ इंच रुंद, ऑफसेट २०. तीन इंच वाढले त्यातले निम्मे, म्हणजे ३८ मिमी, बाहेरच्या बाजूला आले. ऑफसेट २५ने कमी झाला म्हणून तेवढे आणखी बाहेर. एकूण ६३ मिलिमीटर. आतल्या बाजूला फक्त १३ वाढले.

मराठीत चाकोरी हा शब्द बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या खोल खुणेवरून आला आहे. तेव्हा माझी गाडी अक्षरशः चाकोरीबाहेर गेली होती, प्रत्येक बाजूला ६३ मिलिमीटर. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो.

पण इतकं बाहेर आलेलं चाक मडगार्डखाली मावणार कसं? त्यासाठी या कलेत तीन युक्त्या आहेत. एक, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा, म्हणजे त्याचा वरचा खांदा आत झुकतो. मी १६५/५० आर१५ बसवले. दोन, चाक वरून आत कलतं करायचं, ज्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. तीन, मडगार्डची आतली कड गरम करून वर दुमडायची. आमच्या इथल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने हे काम करताना दोनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारलं नाही.

प्रत्येक युक्तीची किंमत असते, आणि ती तिथल्या तिथे कळत नाही. १६५च्या टायरसाठी उत्पादक साडेचार ते सहा इंचांचा रिम सांगतात, माझा आठचा होता. टायरची कड रिमच्या खोबणीत धरून ठेवते ती आतल्या हवेच्या दाबामुळे. ताणलेल्या टायरमध्ये हवा कमी झाली तर ती कड निसटण्याची शक्यता वाढते. टायरवर मापापुढे आणखी एक आकडा असतो, लोड इंडेक्स. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो. माझ्या नव्या टायरवर ७३ होता, म्हणजे ३६५ किलो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो आणि स्टिअरिंग खड्ड्याच्या दिशेने हात ओढतं. आणि १६५/५०चा व्यास ५४६, मुळापेक्षा पाच टक्के कमी. काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी ५७ने जात असायची. मी वेगात आहे असं मला वाटायचं, एवढंच.

रुंद म्हणजे जास्त पकड, असाही एक समज आहे. तो अर्धाच खरा. रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. टायर रुंद केला की ते फार वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आडवा होतो. त्याचा वळणावर फायदा होतो. पण साठलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगायला लागतो, आणि आमच्याकडे वर्षातले चार महिने रस्त्यावर पाणी असतं. माझ्या बाबतीत तर हा फायदासुद्धा नव्हता, कारण रुंद होता तो रिम. टायर आधीपेक्षाही अरुंद होता.

हे कुठून आलं

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी पहिली 'केलेली' गाडी २००४च्या 'टारझन: द वंडर कार'मध्ये पाहिली. मग इंटरनेट आलं आणि कळलं की ही परंपरा जुनी आहे, आणि ती एक नसून अनेक आहेत.

त्यातली मला सगळ्यात शहाणी वाटते ती कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधली लोरायडर परंपरा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी जुन्या शेव्हरोले गाड्या खाली बसवायला सुरुवात केली. इतर गोरी पोरं गाड्या वेगवान करत होती, यांनी उलट केलं. गाडी खाली आणि संथ. आम्ही घाईत नाही, आम्हाला नीट बघा. १९५८ साली कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्याला १९५९ साली रॉन अगिर्रे याने उत्तर दिलं. आपल्या कॉर्व्हेटला त्याने हायड्रॉलिक पंप बसवले. आता गाडी थांबली की खाली, निघाली की वर. पोलिस आला की बटण दाबायचं. पुढे या गाड्या नाचायला लागल्या ते वेगळं. त्या गाड्यांवर घातलेली राज्यभरातली बंधनं उठायला २०२४चा जानेवारी उजाडावा लागला.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कायद्याच्या अडचणीतून त्यांनी जे शोधलं त्यात थांबलेली गाडी आणि चालणारी गाडी यांचा वेगवेगळा विचार होता. दाखवण्याची उंची वेगळी, चालण्याची वेगळी. आपल्याकडे बेंदराला बैल सजवतात. शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात. पण त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी झूल उतरवून ठेवतात. मी माझ्या गाडीवर झूल घातली होती आणि वर्षभर तिला तशीच नांगराला जुंपत होतो.

जपानमध्ये चाक कलतं करण्याचं टोक गाठलं गेलं. तिथे त्याला 'ओनिक्यान' म्हणतात, ओनी म्हणजे राक्षस. राक्षसी कॅम्बर. चाकं अशी बाहेर फेंगडलेली की टायरची केवळ आतली कड रस्त्याला टेकते. ती गाडी मला विकत नको, पण तिचा प्रामाणिकपणा आवडतो. ती उपयोगाची असल्याचं सोंग करत नाही.

आणि त्याच जपानमधून 'इनिशियल डी' आलं. शुइची शिगेनोची ही मांगा १९९५ ते २०१३ अशी चालली, आणि तिने टोयोटाची एई-एटी-सिक्स जगभरातल्या पोरांच्या डोक्यात बसवली. ही मालिका बघून जुनी गाडी घेतलेले कित्येक जण मला भेटले आहेत. पण गोष्ट काय आहे? ताकुमी नावाचा मुलगा बापाच्या दुकानातला तोफू पहाटे डोंगरावरच्या हॉटेलात पोचवतो. बाप कपहोल्डरमध्ये पाण्याने भरलेला कप ठेवतो आणि सांगतो, पाणी सांडता कामा नये. तोफू नाजूक असतो, तुटतो. त्या एका अटीमुळे मुलगा घाट उतरायला शिकतो.

हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलं असेल. आणि कितीदा तरी त्यातली गाडी पाहिली, कप पाहिला नाही. आपल्या सगळ्या पंथाचा ग्रंथ म्हणावा अशा या गोष्टीत गाडी चांगली चालवली की नाही हे ठरवणारं माप आत ठेवलेल्या वस्तूला काय झालं, हे आहे. बाहेरून कशी दिसली, हे नाही.

नऊ, दहा, अकरा

पुन्हा आमच्या गल्लीत येऊ.

भारतात स्पीडब्रेकरलाही प्रमाण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आमच्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर. एवढ्या सपाट उंचवट्यावर गाडी बरोबर मध्यावर असताना तिच्या पोटाखाली पाचेक सेंटिमीटर जागा असली की पुरते. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकरही १० सेंटिमीटरच उंच आहे, पण रुंदी जेमतेम हातभर. तो एका रात्रीत कुणीतरी घातला. तिथे पोटाखाली पूर्ण दहाच्या वर जागा लागते.

मी स्प्रिंग कापून गाडी ४० मिमी खाली आणली होती. कापलेली स्प्रिंग कडकही होते, कारण वेढे कमी झाले. लहान टायरमुळे आणखी १५ मिमी खाली. टेप लावून मोजलं तेव्हा पोट जमिनीपासून ११ सेंटिमीटर भरलं. चौघं बसल्यावर ९. नऊ, दहा, अकरा. माणसं बसली की अडकते, उतरली की निघते. माझ्या कलाकृतीचा सगळा आशय या तीन आकड्यांत आला होता. ती रिकामी असतानाच चालत होती.

दोष स्पीडब्रेकरचा आहे, असं मी तेव्हा म्हणायचो. त्यात तथ्यही होतं. पण लिहिणाऱ्याने वाचकाला दोष द्यावा तसं ते होतं. गाडी या रस्त्यांवर चालायची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपात टायर विभागात होते, निवृत्त होईपर्यंत. त्यांनी माझ्या चाकांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पोराची हौस आहे, एवढंच. एका रविवारी मी गाडी धूत होतो. ते खुर्ची घेऊन बसले होते. उठले, मागच्या डाव्या चाकापाशी कसेबसे वाकले आणि टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला. ही त्यांची जुनी सवय. हात फिरवला की टायर कुठे खाल्ला जातोय ते त्यांना कळतं. हात बाहेर काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. बोटाला बारीक रक्त आलं होतं.

"तार लागली," म्हणाले.

मी जॅक लावला, चाक काढलं. बाहेरून टायर नवा दिसत होता, नक्षी पूर्ण होती. आतल्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पट्टा गुळगुळीत होऊन आतली तार वर आली होती. सात हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. आदल्याच आठवड्यात मी आईला त्याच गाडीतून कोल्हापूरला नेऊन आणलं होतं, हायवेने, पावसात.

"एसटीत असला टायर मी गाडीला लावू दिला नसता," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "घरचीच माणसं म्हणून चालतंय व्हय?"

मी आजवर वाचलेल्या समीक्षेत याहून नेमकं वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्यांनी गाडीला कुरूप म्हटलं नाही, मला छपरी म्हटलं नाही. ती कुणासाठी आहे, एवढंच विचारलं.

सिमेंटची पोती

याच काळात मी कोल्हापुरात उद्यमनगरात एक मारुती ८०० पाहिली. मोठी फाउंड्री आणि लेथची वस्ती, तिथे रस्त्याकडेला उभी होती. दोनदा बघितल्याशिवाय लक्षात येणार नाही इतकी साधी. किंचित खाली बसलेली. रिम एक इंचाने मोठे, रुंदी माफक, चाकाचा बाहेरचा काठ मडगार्डच्या कडेशी सरळ रेषेत. ना आत, ना बाहेर. मी तिथे दहा मिनिटं उभा राहिलो.

मालक मंडप-लायटिंगचं काम करणारा, माझ्याहून लहान. आमचं बोलणं झालं. त्याने सांगितलं, "दादा, उंची ठरवताना मी गाडीत सिमेंटची सहा पोती टाकली होती." तीनशे किलो. पोती टाकून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, टायर कुठे घासतो ते खडूने खुणा करून बघितलं. जिथे घासत नाही तिथे थांबला. मग पोती काढली. "रिकामी असताना थोडी वर दिसती, पण रिकामी असती कधी?"

मी उलटं केलं होतं. रिकामी गाडी आधी डोळ्याला आवडेपर्यंत खाली आणली, आणि मग माणसांना सांगितलं, तुम्ही तुमचं बघा.

त्या मारुतीचा मी फोटो काढला. फोटोत ती काहीच दिसत नाही. मला वाटतं हे तिच्या बाजूचंच मत आहे. काही कलाकृती फोटोत मावत नाहीत, त्यांच्यासोबत थोडं अंतर जावं लागतं. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. चाकोरीबाहेर जाण्याच्या नादात आम्ही सगळे एकाच खुणेत जाऊन बसलो होतो. तोच ताणलेला टायर, तोच कल, तोच पुलाखालचा फोटो. त्या मुलाची गाडी यातल्या कुणासारखी नव्हती, कारण ती त्याच्या सामानाच्या मापाने बनली होती.

याचा अर्थ गाड्यांना हातच लावू नये असा मी काढत नाही. कायदा तसा काढतो. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा आधार घेऊन स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वाहन वेगळं होईल असा बदल करता येणार नाही. कायद्याचं कारण सुरक्षिततेचं आहे, आणि तार निघालेला टायर हातात धरल्यावर मला त्याच्याशी भांडता येत नाही. पण माझी गाडी आणि त्या मुलाची गाडी यांत फरक आहे, आणि तो सांगणं हे समीक्षेचं काम आहे. त्याने केलेला बदल गाडीच्या कामाला धरून होता. मी केलेला बदल गाडीच्या कामाकडे पाठ करून होता. दोन्हींना 'मॉडिफाइड' म्हणून मोकळं झालं, की आपण पाहणं थांबवलं.

दुसरा खर्डा

आठ इंची रिम मी विकले. विकत घेणाऱ्याला टायर दिले नाहीत, ते कापून टाकले. स्प्रिंग बदलल्या. कापलेल्या नव्हेत, मुळात आखूड बनवलेल्या. गाडी आता मुळापेक्षा २५ मिमी खाली आहे. रिम १५ इंची, साडेसहा रुंद, ऑफसेट ३८. आधीच्यापेक्षा बाहेर २६ मिमी, आत १२. टायर १९५/५० आर१५, लोड इंडेक्स पुन्हा ८२. सहा पोती सिमेंट माझ्याकडे नव्हतं, म्हणून शेजारच्या किराणा दुकानातून तांदळाची पोती आणली. दुकानदाराने कारण विचारलं, मी सांगितलं, तो हसला, पण पोती दिली.

मडगार्डची दुमडलेली कड मात्र तशीच आहे. ती परत सरळ होत नाही. तिथला रंग तडकलाय आणि पावसाळ्यात गंज धरतो. दरवर्षी मी तो घासून रंग मारतो. पहिल्या खर्ड्याच्या खोडलेल्या ओळी वहीत दिसत राहाव्यात, तशी ती कड आहे.

गाडी आता फोटोत बरी दिसते, भारी दिसत नाही. आयर्विन पुलाजवळ मी पुन्हा एक फोटो काढून टाकला. एकाने खाली विचारलं, 'भाई, गाडी वर का केली?' मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं. हा लेख म्हणजे ते उत्तर.

परवा आई-बाबांना घेऊन एका लग्नाहून येत होतो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाबांचा हात सवयीने दाराच्या हँडलकडे गेला. मी वेग कमी केला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. खाली काही घासलं नाही. बाबांनी हात मांडीवर घेतला आणि बाहेर बघत राहिले.

घरी पोचल्यावर उतरताना मागच्या डाव्या चाकापाशी थांबले, वाकले, आतून हात फिरवला.

"थोडं खातंय अजून," म्हणाले. "अलाइनमेंट करून घे."

उद्या नेतोय.